सोल्वेंगनचा हजारावा

१

एक डिसेंबरला सकाळी नऊ वाजता डॅनिश सरकारची यादी लागली आणि साडेनऊच्या आत सोल्वेंगनच्या प्रत्येक जिन्यात एकच आकडा घुमू लागला. एक हजार. नऊशे नव्याण्णव असते तर वस्तीत केक कापला गेला असता. हजार झाले आणि सगळ्यांचे चेहरे एरंडेल प्यायल्यासारखे झाले.

यादीचा नियम असा. वस्तीत हजार किंवा त्याहून जास्त माणसं हवीत, निम्म्याहून अधिक बाहेरच्या मुलखातून आलेली हवीत, वर शिक्षण, नोकरी आणि गुन्हे यांची काही गणितं जुळायला हवीत. की बसला शिक्का. आधी या शिक्क्याचं नाव सरळ 'घेट्टो' होतं. मग राजधानीत कुणाच्या तरी कानाला ते बोचलं आणि सरकारने नव्याने बारसं केलं, 'समांतर समाज'. पाच वर्षं लागोपाठ यादीत राहिलेल्या वस्तीला 'परिवर्तन क्षेत्र' म्हणायचं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! परिवर्तन म्हणजे बुलडोझर, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. सोल्वेंगनचं हे पाचवं वर्ष, आणि ब्लॉक सात पाडायचा नकाशा घरमालक कंपनीच्या कचेरीत कधीचा तयार होता.

यादी डिसेंबरात लागते खरी, पण डोकी मोजलेली असतात त्याच वर्षाच्या एक जानेवारीची. बाराच्या ठोक्याला जो जिथे नोंदलेला, तो तिथला. म्हणून त्याआधीचं अख्खं वर्ष रहिवासी समितीने जिवाचं रान केलं होतं. ज्यांना जायचंच होतं त्यांची घाई करून दिली, निघालेल्यांचे पत्ते बदलून दिले, खोकी बांधायला मदत केली. एकतीस डिसेंबरला समितीच्या वहीत नऊशे नव्याण्णव नावं उरली होती. अकरा महिने सगळे निर्धास्त होते.

आणि आता हे. दुपारपर्यंत धुलाईखोलीच्या दारावर कुणीतरी जाड मार्करने लिहून ठेवलं, 'हजारावा कोण?'

सेविमने ते वाचलं तेव्हा तिच्या हातात ओल्या चादरी होत्या. संध्याकाळी ती सुकलेल्या चादरी न्यायला परत आली, तर त्याच्याखाली दुसऱ्या अक्षरात उत्तर लिहिलेलं होतं. 'हवालदाराची गरज नाही. दुसऱ्या मजल्यावरची बाबागाडी बघा.'

२

सेविम ब्लॉक सातच्या तळमजल्यावर राहत होती. तीस वर्षं तिने कोर्टात दुभाष्याचं काम केलं होतं, तुर्कीतून डॅनिशमध्ये आणि डॅनिशमधून तुर्कीत. चोर, साव, नवरे, बायका, सगळ्यांचं खोटं तिने आपल्या तोंडाने दोन-दोन भाषांत बोलून पाहिलं होतं. वस्तीतले सगळे तिला 'अब्ला' म्हणत. तुर्कीत त्याचा अर्थ ताई. आपल्याकडच्या 'अबला'शी तिचा दुरूनही संबंध नव्हता.

दुसऱ्या मजल्यावरची होदान दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता तिच्या दारात आली. बाहेर अंधारून आलं होतं. होदान सोमाली, उंच, एरवी जिन्यात गाणं म्हणत चढणारी. आज तिने बाबागाडी आत ओढली आणि तिच्या छतावर चिकटवलेला कागद दाखवला. त्यावर एक आणि तीन शून्यं होती. गाडीत सगल झोपली होती. अकरा महिन्यांची पोर, आणि धुलाईखोलीतल्या बायांनी तिचं नाव 'हजारी' पाडून टाकलं होतं.

लोकांचा हिशेब असा, की सगल एकतीस डिसेंबरला रात्री जन्मली. समितीने ती धरली नाही, सरकारने धरली, आणि त्या एका जिवापायी यादी लागली. होदान सांगून थकली होती, की पोर एक तारखेला पहाटे झाली. पण कुणी ऐकतच नव्हतं, आणि न ऐकण्याचं कारण मोठं गमतीचं होतं. होदानची स्वतःची जन्मतारीख एक जानेवारी. तिच्या आईची एक जानेवारी. युद्धातून कागदाशिवाय आलेल्या प्रत्येकाला सरकारने हीच तारीख वाटली होती, रेशनची साखर वाटावी तशी. ब्लॉक सातमध्ये एकोणीस जणांचा वाढदिवस त्याच दिवशी यायचा. त्यामुळे खरोखरच एक जानेवारीला जन्मलेल्या पोरीवर विश्वास ठेवायला कुणी तयार नव्हतं.

"आठवड्याभरात सभा आहे," होदान म्हणाली. "चूक दाखवायची मुदत पंधरा तारखेपर्यंत. सगळ्यांनी सगलवर बोट ठेवलं, तर चूक कुणी शोधणारच नाही. ब्लॉक पडेल. आणि ही मोठी होईल तेव्हाही लोक म्हणतील, हिच्यामुळे आमची घरं गेली. अब्ला, मला खरं काय ते हवंय. कागदांतून पोर दोषी ठरत असेल तर तसं सांग, मी सभेत उभी राहून कबूल करीन."

पोर दोषी! सेविमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने तो कागद ओरबाडून काढला आणि घडी करून खिशात घातला. मग तिने होदानला विचारलं, की तुझा कुणावर संशय आहे. होदानने खाली बघत उत्तर दिलं, की आता सगळ्यांवरच आहे, आणि तेच तिला सहन होत नाहीये.

३

पहिला नंबर टॉर्किलचा. हा समितीचा अध्यक्ष, निवृत्त गवंडी. महिन्यापूर्वी तो कंपनीच्या कचेरीत नव्या बैठ्या घरांच्या नमुन्यावर वाकलेला कुणीतरी पाहिला होता. ब्लॉक सातच्या जागी ती घरं यायची होती.

सेविमने आडपडदा न ठेवता विचारलं. टॉर्किलने मान खाली घालून कबूल केलं, की हो, एका घरासाठी नाव दिलंय.

"आग लागायच्या आधी बादली भरून ठेवली," तो म्हणाला, "म्हणून आग मीच लावली का?"

त्याचं म्हणणं तिने तोलून पाहिलं. माणूस दुतोंडी होता, पण हजारावा माणूस नोंदवायला संगणकावर बसावं लागतं, आणि टॉर्किलला साधं पत्रसुद्धा लिहिता यायचं नाही. त्याची सगळी पत्रं लिसी टंकून द्यायची. जाताजाता तो पुटपुटला, की त्या सोमाली बाईशी आपलं काही वाकडं नाही, पण तुमच्याकडे सगळेच एक जानेवारीला कसे जन्मतात. सेविम तुर्कस्तानात, भर उन्हाळ्यात जन्मली होती.

लिसी समितीची चिटणीस. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, चाळीस वर्षं ब्लॉक सातच्या चौथ्या मजल्यावर, आणि जिन्यात जन्माने डॅनिश अशी उरलेली दोघांतली एक. यादीविरुद्ध सर्वांत कडक पत्रं तिनेच लिहिली होती. गुडघे गेलेले, लिफ्ट नाही, चौसष्ट पायऱ्या. तळमजल्याच्या घरासाठी तिने नाव लावलं त्याला नऊ वर्षं झाली होती. तिच्या बाजाराच्या पिशव्या सेविमच वर नेऊन द्यायची. त्या दिवशीही तिने दोन पिशव्या नेल्या आणि वर पोचून आधी दम खाल्ला.

लिसी नाताळासाठी क्लायनर तळत होती. ते आपल्या शंकरपाळ्यांचे सख्खे भाऊ. तिने बशी पुढे सरकवली आणि विचारायच्या आत वही टेबलावर ठेवली. गणित आपलं चोख आहे, ती म्हणाली, चूक झाली असेल तर बाहेर झाली असेल. मग सुस्कारा सोडून तिने एवढंच जोडलं, की बाळंतपणाच्या घाईत इस्पितळातसुद्धा वेळ मागेपुढे लिहिली जाते, आपण कुणाचं नाव घेत नाही.

सेविमने वही वाचली. डिसेंबरात अकरा माणसं सोल्वेंगन सोडून गेली होती. दहा जणांच्या पुढे पत्ताबदलाच्या नोंदीच्या तारखा होत्या, चार, नऊ, बारा, अशा. अकराव्याच्या पुढे लिहिलं होतं, 'अबू विसाम, ओडेन्सला मुलाकडे. आठवडा ५२.'

त्यात नवल काहीच नव्हतं. या देशात सगळं आठवड्यांच्या आकड्यांत चालतं. शाळेची सुट्टी सातव्या आठवड्यात, कारखाने बंद एकोणतिसाव्यात, दाताचा डॉक्टरही 'एकेचाळिसाव्यात या' म्हणतो. बावन्नावा आठवडा म्हणजे वर्षाचा शेवटचा, म्हणजे डिसेंबर. तिने वही मिटली आणि दुसरा क्लायनर घेतला.

तरी पायऱ्या उतरताना काहीतरी खुपत राहिलं. दहांना तारीख, आणि एकालाच आठवडा का?

४

सभेला तीन दिवस उरले होते. सेविम होदानच्या स्वयंपाकघरात बसून सगलचे कागद तपासत होती. इस्पितळाच्या पत्रकावर वेळ स्वच्छ लिहिलेली होती, एक जानेवारी, पहाटे चार वाजून बारा मिनिटं. खाली दाईची सही, आणि सहीखाली तिचा दूरध्वनी क्रमांक. सेविमने तिला तिथूनच फोन लावला. दाईला ती पहाट चांगली आठवत होती, कारण वर्षातलं पहिलं बाळ म्हणून वॉर्डात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

म्हणजे पोर सुटली. बाराच्या ठोक्याला ती अजून आईच्या पोटात होती. होदानने डोळ्यांना पदर लावावा तसा रुमालाचा शेव लावला आणि चहा ठेवायला उठली.

पण मग हजारावा कोण? पोर सुटली एवढ्याने ब्लॉक वाचत नव्हता. सेविमची नजर भिंतीवर गेली. बाळाची तपासणी करायला येणाऱ्या परिचारिकेने दिलेलं त्या वर्षाचं कॅलेंडर तिथे लटकत होतं. होदानने ते जानेवारीच्याच पानावर ठेवलं होतं, कारण त्यात सगलचा जन्मदिवस लाल शाईने गोल केला होता. रविवार होता तो. महिन्याची पहिली ओळ, आणि त्या ओळीत तो एकटाच रविवार. बाकीची घरं रिकामी.

ओळीच्या सुरुवातीला, समासात, आठवड्याचा बारीक आकडा छापलेला होता.

सेविम उठून जवळ गेली. तिने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. आकडा एक नव्हता. बावन्न होता.

आठवडा सोमवारी सुरू होतो आणि रविवारी संपतो. त्या वर्षी एक जानेवारी रविवारी आला, म्हणून तो जुन्या वर्षाच्या बावन्नाव्या आठवड्याचं शेपूट झाला. शुक्रवारी गेलेला माणूस आठवडा बावन्नमध्ये गेला, आणि एक जानेवारीला गेलेला माणूसही आठवडा बावन्नमध्येच गेला. पहिला मोजणीतून सुटतो. दुसरा हजारावा होतो.

होदान चहाचे पेले घेऊन वळली, तेव्हा सेविम दारात बूट घालत होती.

५

अबू विसामने तिला ओडेन्समध्ये मुलाच्या दिवाणखान्यात बसवलं, वेलचीची कॉफी दिली आणि सोल्वेंगनमधल्या एकेकाची खुशाली विचारली. सत्तरीचा हा पॅलेस्टिनी म्हातारा लेबनॉनमधून आला होता. वस्तीतल्या पोरांना फुकट बुद्धिबळ शिकवायचा. यादीचं ऐकून त्याचा चेहरा पडला.

सेविमला एक गोष्ट ठाऊक होती आणि तिच्यावरच तिची सगळी भिस्त होती. हा माणूस एकतीस डिसेंबरची रात्र सोल्वेंगनमध्ये कधीच काढत नसे. त्या रात्री अख्खा देश फटाके उडवतो, आणि बैरुतचं युद्ध पाहिलेल्या माणसाला तो आवाज सोसत नाही. दरवर्षी तो आदल्या दिवशीच मुलाकडे पळायचा. मग ज्या वर्षी कायमचं निघायचं होतं, त्या वर्षी तो फटाक्यांसाठी थांबेल कशाला?

"थांबलोच नाही," अबू विसाम म्हणाला. "शुक्रवारी दुपारी विसामने गाडीत सामान टाकलं, मी किल्ल्या दिल्या आणि निघालो. तीस तारीख होती ती. टोलनाक्याची पावतीसुद्धा असेल कुठेतरी."

"किल्ल्या कुणाला दिल्यात?"

"लिसीबाईंना. पत्ता बदलायचा अर्जही त्यांनीच भरून दिला, मला ते संगणकाचं कुठे जमतं? त्या म्हणाल्या, कागदावर रविवारची तारीख घालते, घराची तपासणी रविवारी आहे. मी म्हटलं, चालेल ना? तर म्हणाल्या, आठवडा तोच, काही फरक पडत नाही."

एक जानेवारीला, रविवारी, या देशात घराची तपासणी! त्या दिवशी इथे पाववाल्याचं दुकान उघडत नाही. सेविमने कॉफीचा पेला खाली ठेवला. तिला हे उत्तर नको होतं. टॉर्किल निघाला असता तर किती बरं झालं असतं.

तिने अबू विसामकडून आणि त्याच्या मुलाकडून जबानी लिहून सही करून घेतली. परतीच्या गाडीत ती कागद मांडीवर धरून बसली आणि तिला एकदाही तो उघडावासा वाटला नाही.

६

त्या दिवशी सेविम चौसष्ट पायऱ्या रिकाम्या हाताने चढली. लिसीने दार उघडलं, तिच्या हातात पिशव्या नाहीत हे पाहिलं, आणि बाजूला झाली.

सेविमने कागद टेबलावर ठेवला. लिसीने चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला.

"वहीत नोंदीची खोटी तारीख लिहिता आली असती तुला," सेविम म्हणाली. "तीस लिहिलं असतंस तर मी इथवर पोचले नसते."

"खोटं लिहवलं नाही," लिसी म्हणाली. "आठवडा बावन्न खरं होतं."

मग तिने सगळं सांगितलं, कुणी न विचारता. पाडायच्या इमारतीतल्या माणसाला रांगेत उभं राहावं लागत नाही. कंपनीला त्याला घर द्यावंच लागतं, आणि गुडघे गेलेल्याला तळमजल्याचं. नऊ वर्षं तिचं नाव घरांच्या प्रतीक्षायादीत सातव्या-आठव्या नंबरावर लोंबकळत होतं. गेल्या वर्षी ती एकदा जिन्यात पडली आणि वीस मिनिटं तिथेच बसून राहिली. खाली कुणाचा तरी रेडिओ चालू होता. शेवटची काही नावं उरली, अबू विसाम गेला की नऊशे नव्याण्णव होणार होते, आणि त्याचा अर्ज भरताना तिच्या लक्षात आलं, की दोन दिवस इकडचे तिकडे केले की झालं. यादीविरुद्धची पत्रंही तिने मनापासून लिहिली होती. दोन्ही खरं होतं, ती म्हणाली, आणि हे सेविमला समजणार नाही.

"पत्रांचं समजतं," सेविम म्हणाली. "पण त्या लेकराला लोक हजारी म्हणत होते, बाबागाडीवर कागद चिकटवत होते, आणि तू इथे क्लायनर तळत बसलीस. वर मला सांगतेस, इस्पितळात वेळ मागेपुढे होते. लाज नाही वाटली?"

लिसीने मान वळवली. वाटली, ती म्हणाली, पण पायऱ्या रोज होत्या.

सेविमच्या मनात रागाच्या पाठीमागून दुसरंच काही वर येत होतं. इथे भाडेकरूंना आपापसांत घरं बदलता येतात. एक अर्ज, दोन सह्या, कंपनी नाही म्हणू शकत नाही. धुलाईखोलीतल्या फलकावर असे अर्ज कायम लावलेले असतात. सेविमचे गुडघे ठणठणीत होते. तिच्या खिडकीखाली पुदिन्याचा वाफा होता, आणि या नऊ वर्षांत तिला हे एकदाही सुचलं नव्हतं.

"लिसी, आपण घरं बदलू," ती म्हणाली. "मी वर येते. तू खाली जा."

लिसी हसली, पण ते हसू बघवत नव्हतं.

"नऊ वर्षं तू माझ्या पिशव्या वर आणल्यास," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी इथे बसून दम खाल्लास आणि म्हणालीस, बाई गं, काय हा जिना. आणि मग खाली गेलीस, आपल्या घरी. मी कधी मागितलं नाही, कारण मागितल्यावर नाही म्हणालीस तर पिशव्याही बंद झाल्या असत्या. आज मी पकडले गेले तेव्हा तुला सुचलं. कालपर्यंत घेतलं असतं गं. आज नको."



७

सभेत सेविमने उभं राहून तेवढंच सांगितलं जेवढं कागदावर होतं. सगल एक तारखेला पहाटे चार वाजून बारा मिनिटांनी जन्मली. अबू विसाम तीस तारखेला गेला आणि नोंद एक तारखेची झाली. म्हणून सरकारचा हजारावा माणूस त्या रात्री ओडेन्समध्ये झोपला होता. टॉर्किलने विचारलं, की मग चुकीची तारीख घातली कुणी. सेविम कागदाची घडी घालून खाली बसली.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. लिसी कठडा धरधरून एकटी उतरून आली होती. ती म्हणाली, मी घातली, मुद्दाम. मग ती होदानसमोर जाऊन उभी राहिली आणि तिने माफी मागितली. होदानने सगलला दुसऱ्या कडेवर घेतलं. ज्या बायांनी हजारी हे नाव पाडलं होतं, त्या आपापल्या बुटांकडे बघत होत्या. लिसीला वर जायला कुणी हात दिला नाही. सेविम पुढे झाली, तर तिलाही लिसीने हातानेच थांबवलं.

हरकत चौदा तारखेला गेली आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तर आलं. नोंद दुरुस्त झाली होती. नऊशे नव्याण्णव. सोल्वेंगन यादीतून उतरलं, ब्लॉक सातचा नकाशा गुंडाळला गेला आणि धुलाईखोलीच्या दाराला नवा रंग लागला. लोक सेविमला मिठ्या मारत होते, तिच्या दारात केक ठेवून जात होते. ब्लॉक वाचला, म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या बाईला आता कुणीच घर देणं लागत नव्हतं, हे त्या गडबडीत सेविम एकटीच्याच ध्यानात होतं.

त्याच दुपारी सेविम कंपनीच्या कचेरीत गेली आणि तिने घरांच्या अदलाबदलीचा अर्ज भरला. आपलं घर, तळमजला, डावीकडचं. बदल्यात, चौथा मजला, उजवीकडचं. खाली सही केली. खिडकीतल्या मुलीने कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, की यावर दुसरी सही नाही, असा अर्ज पुढे जात नाही, परत न्या.

"इथेच राहू दे," सेविम म्हणाली. "ती येईल तेव्हा तिला तुमच्याकडे यावं लागेल. माझ्याकडे ती येणार नाही."

तिला किती दिवस लागतील, मुलीने विचारलं.

"तिने नऊ वर्षं वाट पाहिली," सेविम म्हणाली. "तेवढी मलाही पाहता येईल."